धनपाल एजंटानं गुरुजींचं घर कसं विकलं

मंडळी, पूर्वरंगात आपण सत्याचा विचार केला. खोटं बोलू नये. यावर कुणाचं दुमत आहे का? नाही. एकही हात वर आला नाही. देवळात बसून कोण वर करणार!

पण आता जरा अडचणीचं विचारतो. खोटं बोलू नये, हे ठीक. गप्प बसलं तर? समोरच्यानं विचारलं नाही, आपण सांगितलं नाही. एक अक्षर खोटं बोललो नाही. मग ते पाप, की नुसता व्यवहार?

बघा, आता चेहरे बदलले. जुनी स्कूटर विकताना ती चढावर बंद पडते हे किती जणांनी आपणहून सांगितलंय? राहू द्या. उत्तर आत्ता नको. आधी गोष्ट ऐका, मग तुमचं तुम्ही ठरवा.

तुम्हाला वाटलं असेल, सत्याचा विषय आहे, म्हणजे बुवा आता सत्यासाठी राज्य सोडणाऱ्या राजाचं आख्यान लावणार. नाही लावत. राज्य सोडायला आधी राज्य पाहिजे. आपल्यापाशी आहे का? आपल्यापाशी सात-बाराच्या उताऱ्यावर भावाबरोबर नाव आहे, तेही सुटत नाही! म्हणून आजच्या आख्यानाचा नायक राजा नाही. आजचा नायक आहे इस्टेट एजंट.

हसू नका. समोर दोन-तीन प्लॉटवाले बसलेत, ते बघा कसे सावरून बसले.

तर ऐका. सांगली शहर. कृष्णेच्या काठचं. तिथं धनपाल आरवाडे नावाचा एक गृहस्थ. नाव धनपाल, आणि धनाचा मात्र पत्ता नाही. आधी कापडदुकानात गादीवर होता. ठाण उलगडून दाखवावं, साडी अंगावर लावून दाखवावी, यात त्याची हयात जायची, पण मालकानं दुकान बंद केलं. चाळिशीत माणसानं नवीन काय शिकायचं? कुणी म्हणालं, बोलणं गोड आहे तुझं, जागा-फ्लॅटचं काम कर. भांडवल लागत नाही. मोबाइल आणि मोटारसायकल पुरे. धनपाल झाला एजंट.

वर्ष गेलं. गिऱ्हाईक यायचं, दहा घरं बघायचं, चहा प्यायचं, आणि घर दुसऱ्याच एजंटाकडून घ्यायचं. धनपाल घरी येऊन गप्प जेवायचा. बायको सुनंदा समजूतदार. ती घरात शिवणकाम करायची, त्यावर दिवस चालले होते. एक दिवस तिनंच पेपरातली जाहिरात दाखवली. 'यशस्वी इस्टेट एजंट कसे व्हाल?' हॉटेलच्या हॉलमध्ये, जेवणासह. म्हणाली, जाऊन तर या. काही नाही तर जेवण तरी होईल.

धनपाल गेला. पुढं एक कोटवाला गृहस्थ उभा, पुण्याहून आलेला. आता मी त्या माणसाला नावं ठेवणार, असं तुम्हाला वाटतंय. नाही ठेवणार. त्यानं सांगितलेल्या कितीतरी गोष्टी सोळा आणे खऱ्या होत्या. ठरल्या वेळेच्या आधी पोचा. इस्त्रीचा शर्ट घाला. आलेला फोन उचला, उचलता आला नाही तर त्याच दिवशी उलटा करा. गिऱ्हाइकाच्या मुलांची नावं लक्षात ठेवा. नकार आला तर तो घराला आहे, तुम्हाला नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर पडा. सांगा, यात वाईट काय आहे? आम्हा कीर्तनकारांनाही हे शिकवायला पाहिजे. वेळेच्या आधी पोचा, हे तर पहिलं.

पण दुपारच्या जेवणानंतर त्यानं आणखी तीन गोष्टी सांगितल्या. मंडळी, जेवणानंतर माणूस सुस्तावलेला असतो, काय आत जातंय कळत नाही. पहिली, गिऱ्हाइकाला विचार करायला वेळ देऊ नका; या घराला आणखी एक जण तयार आहे असं दिसू द्या. दुसरी, घराचा दोष असेल तर त्याला गुणाचे कपडे घाला. खोली अंधारी असेल तर म्हणा, उन्हाळ्यात थंड राहते. आणि तिसरी, विचारल्याशिवाय सांगू नका. विचारलंच, तर विषय बदला.

धनपालनं सगळं मनात साठवलं. गहू आणि खडे एकाच पोत्यात.

आणि काम होऊ लागलं हो! खोटं कशाला सांगू? दोन महिन्यांत त्याच्या हातून घर विकलं गेलं. मग आणखी एक. सुनंदाही त्यात आली. कशी? धनपाल गिऱ्हाइकाला घर दाखवायला गेला, की ठरल्या वेळी ती घरून फोन करायची. फोन वाजला की धनपाल दोन पावलं बाजूला जाऊन, पण ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, "नाही साहेब, थोडं थांबा, आत्ता एक पार्टी बघतीय." पलीकडं साहेब कोण? सुनंदा. पोळ्या लाटतीय! तिला हसू यायचं. नवराबायकोचा खेळ होता तो. कुणाचं वाईट करतोय, असं दोघांच्या मनातही नव्हतं.

अशात त्याच्याकडं एक घर विकायला आलं. नदीकडच्या बाजूची एक वसाहत, तिच्यातल्या इमारतीत तळमजल्यावरचा फ्लॅट. प्रशस्त, पुढं तुळशीला जागा, मागं पेरूचं झाड. मालक मुंबईत. मागच्या महापुरात त्या घरात छातीइतकं पाणी शिरलं होतं. नंतर मालकानं प्लास्टर केलं, रंग दिला, फरशी बदलली. आता तिथं काही झालं होतं असं कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. सांगलीच्या माणसाला ते घर दाखवलं, की तो गल्लीच्या तोंडाशीच थांबायचा. म्हणायचा, "हितं होय? नको." पाणी कुठवर येतं हे सांगलीकराला शिकवावं लागत नाही. त्यामुळं घर पडून.

आणि मग धनपालला भेटले बिरादार गुरुजी. सिद्राम बिरादार. जत तालुक्यातले, आयुष्यभर तिकडच्याच शाळांत शिकवलेले, नुकतेच निवृत्त झालेले. बरोबर त्यांच्या पत्नी, शांतव्वा. मूलबाळ नाही. मंडळी, जत म्हणजे काय ते इथल्या जुन्या माणसांना सांगायला नको. पावसाळा आभाळात दिसतो, खाली येत नाही. शांतव्वाचं निम्मं आयुष्य टँकरच्या रांगेत गेलेलं. भांडी घासलेलं पाणी झाडाला, झाडाखालचं ओलं फडकं माठाला. त्या बाईंची एकच इच्छा. म्हातारपणी नदीच्या गावात राहायचं. नळ सोडला की पाणी, आणि संध्याकाळी घाटावर जाऊन पायरीवर बसायचं. बस. सोनं नको, गाडी नको.

गुरुजींनी धनपालला पहिलाच प्रश्न विचारला, "नदी जवळ आहे का हो?"

मंडळी, इथं थांबू या जरा. आजवर जो कुणी त्या घराकडं पाठ फिरवून गेला, तो नदी जवळ म्हणून गेला. आणि आज पहिल्यांदा एक माणूस आलाय, तो नदी जवळ म्हणून घर मागतोय. दोषाला गुणाचे कपडे घालायलाही नकोत. गिऱ्हाईकच कपडे घेऊन आलंय!

धनपाल म्हणाला, "गुरुजी, इतकी जवळ, की सकाळी देवळातली घंटा घरात ऐकू येईल."

खोटं बोलला का? नाही. घंटा येतच होती ऐकू.

त्यानं दोघांना घर दाखवलं. शांतव्वा मोरीत गेल्या, नळ सोडला, आणि पाण्याखाली हात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. नळ बंद करवेना त्यांना. तेवढ्यात धनपालचा फोन वाजला. सुनंदाचा. धनपाल बाजूला गेला, साहेबांना थांबायला सांगितलं. गुरुजींनी ते ऐकलं आणि पत्नीकडं बघितलं. पत्नीनं मान हलवली. घर ठरलं. जन्मभराची पुंजी त्या घरात गेली, आणि जतचं घर भाड्यानं देऊन दोघं सांगलीला राहायला आली.

धनपालला त्या रात्री झोप लागली का? मंडळी, छान लागली. आपल्याला वाटतं पाप केलं की झोप उडते. तसं काही नसतं. पाप पचेपर्यंत झोप चांगलीच लागते. पुढं त्यानं गुरुजींना गॅसची जोडणी करून दिली, दूधवाला लावून दिला, शांतव्वांना भाजीमंडई दाखवली. त्याला ती माणसं आवडली होती. शांतव्वांनी त्याच्या घरी शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पाठवली. सुनंदा आणि त्या, एकमेकींना अक्का म्हणू लागल्या.

पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात श्रावणाच्या तोंडाला वरच्या धरणांतून पाणी सुटलं. तिकडं घाटमाथ्यावर धो धो पाऊस, इकडं नदी फुगायला लागली. रिक्षावर भोंगा लावून सांगणं सुरू झालं, काठच्या लोकांनी सावध राहा. शेजारी जुने जाणते होते, ते सामान वर चढवून पाहुण्यांकडं निघाले. गुरुजी दारात उभे. काय करावं कळेना. आयुष्यात असलं पाणी बघितलेलं नाही. त्यांनी विश्वासाच्या माणसाला फोन केला. कुणाला? धनपालला.

विचारलं, गल्लीच्या तोंडाशी पाणी आलंय, आम्ही निघावं का?

आता ऐका, आख्यानाचा गाभा इथं आहे. घर विकताना धनपाल नुसता गप्प बसला होता. एक अक्षर खोटं बोलला नव्हता. आता फोन कानाला आहे, आणि त्याला उत्तर द्यायचंय. निघा म्हणावं, तर पुढचा प्रश्न येणार, म्हणजे आत पाणी येतं? आणि तुम्हाला ते ठाऊक होतं? तोंड उघडलं, की मागचं सगळं उघडं पडणार. मंडळी, दडवलेली गोष्ट एकटी राहत नाही. तिला राखायला दुसरी ठेवावी लागते, आणि ती दुसरी पहिल्यापेक्षा वाईट असते.

धनपाल म्हणाला, "काही काळजी करू नका गुरुजी. रस्त्यावर येतं, आत येत नाही."

हे मात्र खोटं होतं. स्वच्छ खोटं.

गुरुजी थांबले. भरवशाच्या माणसानं सांगितलं ना! दार लावून घेतलं. संध्याकाळी पाणी उंबऱ्याला लागलं, आणि मग जे चढलं ते थांबेना. वीज गेली. दोघं जिन्यावर चढून बसली. शांतव्वा देवाचा डबा आणायला पुन्हा खाली उतरल्या, पाय घसरला, आणि त्या कमरेइतक्या पाण्यात पडल्या. गुरुजींनी पदराला धरून ओढलं. नाका-तोंडात गढूळ पाणी गेलेलं. ज्या पाण्यासाठी जन्मभर तडफडल्या, ते पाणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटी आल्या. धनपाल विश्रामबागेकडं उंचावर राहायचा, तिथं पाणी नव्हतं. पण त्याला घरात बसवेना. बोटी जिथं लागत होत्या, तिथं पाण्याच्या कडेला तो जाऊन उभा राहिला. कशाला गेला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. त्यांना न्यायला, की ती जिवंत आहेत ना हे लांबून बघायला? एका बोटीतून गुरुजी उतरले. मागं शांतव्वा. ओलं लुगडं, डोळे कुठंच न बघणारे. गुरुजींनी धनपालला पाहिलं आणि त्यांचा चेहरा निवळला. म्हणाले, "धनपाल, तुम्ही आलात. आम्हाला वाटलंच होतं."

लागला ना घाव? शिव्या दिल्या असत्या तर माणूस सावरतो. पण हे!

त्यानं दोघांना घरी नेलं. सुनंदानं गरम पाणी दिलं, आपलं लुगडं दिलं, भात टाकला. शांतव्वा जेवल्या नाहीत. मोरीत नळाचा आवाज आला की दचकायच्या. त्यांना नदीकडं तोंड करून झोपवेना.

पूर उतरत होता, दिवस जात होते. एका सकाळी गुरुजी आणि धनपाल चहा घेत बसले होते. बायका आत. गुरुजी सहज बोलावं तसं म्हणाले, शेजारचे भेटले होते. ते म्हणत होते, मागच्या पुरातही त्या घरात पाणी होतं. आणि मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं का हो?"

आवाजात राग नव्हता. वर्गात एखाद्या पोराला विचारावं तसं विचारलं.

धनपालला काय शिकवलं होतं? विचारलं तर विषय बदला. सवय कुठं जाते! त्याच्या तोंडून निघालंसुद्धा, "गुरुजी, चहा गार होतोय..." आणि ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. त्यानं कप खाली ठेवला.

"होतं," तो म्हणाला. "घर दाखवलं तेव्हाही ठाऊक होतं. आणि तुम्ही फोन केलात तेव्हाही."

गुरुजींनी आपलाही कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आमच्याकडं पाण्याची भीती म्हणजे ते न येण्याची. येण्याचीही भीती असते, हे मला सुचलंच नाही. मी विचारायला पाहिजे होतं."

धनपाल म्हणाला, "तुम्हाला विचारावं लागायला नको होतं गुरुजी. मी सांगायला पाहिजे होतं."

दारात सुनंदा उभी होती. कधी आली कुणास ठाऊक. तिनं नवऱ्याला एवढंच विचारलं, "घर दाखवलं, त्या दिवशी मी फोन केला होता का?"

तो हो म्हणाला.

"मग तुमच्याबरोबर मीही विकलंय ते," ती म्हणाली, आणि आत जाऊन शांतव्वांच्या पायाशी बसली. काय बोलली, ते बाहेर कुणाला ऐकू आलं नाही. बायकांचं ते बायकांत राहिलं. पण त्या दुपारी शांतव्वा पहिल्यांदा दोन घास जेवल्या, हे खरं.

पेटीवाले, जरा सूर धरा. एक साकी म्हणतो. जुन्या संतांची नाही, आमचीच ओबडधोबड आहे, गोड मानून घ्या.

गुण सांगाया सगळे येती, दोष सांगतो विरळा ।
दोष सांगुनी जोडी नाते, तेथ खरा जिव्हाळा ॥

आता पुढं. गोष्ट इथं संपवता आली असती. चूक कबूल केली, सगळ्यांचे डोळे पाणावले, बोला जयजयकार! पण मंडळी, कबुलीनं घर कोरडं होत नाही. शांतव्वांनी सांगितलं, त्या घरात मी पाऊल टाकणार नाही. जतला परत जायचं. आणि जायचं तर हे घर विकायला पाहिजे, कारण सगळी पुंजी त्यात. कोण विकणार? गुरुजींनी धनपाललाच सांगितलं.

धनपाल म्हणाला, माझ्यावर कशाला पुन्हा विश्वास टाकता? दुसरा एजंट बघा.

गुरुजी म्हणाले, तुम्हीच विका. पण एक अट आहे. मला जे सांगितलं नाहीत, ते येणाऱ्याला पहिल्यांदा सांगायचं. घरात पाऊल टाकायच्या आधी. पाणी कुठवर आलं, ते हात लावून दाखवायचं.

आणि गंमत बघा, यावर चिडलं कोण? शांतव्वा. त्या म्हणाल्या, "कशाला सांगायचं? आपल्याला कुणी सांगितलं होतं?"

गुरुजी म्हणाले, "म्हणूनच."

मंडळी, शांतव्वांना नावं ठेवू नका. बुडालेल्या माणसाला असंच वाटतं. आपण फसलो ना, मग दुसऱ्याला फसवून बाहेर पडू. जग असंच चालतं. फसवणूक एका हातातून दुसऱ्या हातात जाते. कुणालातरी ती आपल्या हातात धरून ठेवावी लागते. गुरुजींनी धरली.

धनपाल कामाला लागला. घर धुऊन काढलं, सुनंदा हाताखाली. गिऱ्हाइकं यायला लागली, बाहेरगावची, घर बघून खूश होणारी. धनपाल फाटकातच थांबवायचा. आधी सगळं सांगायचा. मग भिंतीवर छातीच्या उंचीला हात लावून म्हणायचा, इथवर. काही जण तिथूनच गाडी वळवायचे. काही जण आत येऊन बघायचे आणि मग घरी विचारून सांगतो म्हणायचे. विचारून सांगतो म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी मुलीचं लग्न झालंय त्यांना मी सांगायला नको. एका बड्या माणसानं तर त्याला वेड्यात काढलं. म्हणाला, असा माल विकतात होय? तुझा धंदा बसणार.

आणि धंदा बसला. हो, बसलाच. जे घरमालक त्याला काम द्यायचे, ते दुसरीकडं गेले. कुणाला आपल्या घराचा पाझर चारचौघांत सांगितलेला आवडतो? सुनंदाचं शिवणयंत्र पुन्हा रात्रंदिवस चालायला लागलं. पण धनपालनं कोटवाल्याच्या चांगल्या गोष्टी सोडल्या नाहीत. इस्त्रीचा शर्ट, ठरलेल्या वेळेच्या आधी हजर, आलेल्या फोनला उत्तर. आणि नकार आला, की दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर. खडे काढून टाकले, गहू ठेवला.

अशात एक बाई आल्या. कुंदा दुधगावकर. पस्तिशीच्या. लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही काखांत कुबड्या. गणिताच्या शिकवण्या घ्यायच्या, एकट्या राहायच्या. आजवर भाड्यानं दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या घरात. त्यांना तळमजला हवा होता.

धनपालचं लक्ष कुबड्यांवर गेलं. हिला सांगायचं? आणि सांगूनही हिनं घेतलं तर? पळायची वेळ आली तर ही बाई काय करणार? त्याला शांतव्वा पाण्यात पडलेल्या दिसायला लागल्या. त्यानं फाटकात सगळं सांगितलं. इतरांना सांगायचा त्याहून जास्त सांगितलं. पाणी कसं चढतं, वीज कशी जाते, गाळ कसा बसतो. भिंतीवर हात लावून दाखवला. शेवटी म्हणाला, ताई, माझं ऐका, तुम्ही हे घर घेऊ नका.

कुंदाताईंनी विचारलं, "पाणी यायच्या आधी किती वेळ कळतं?"

तो म्हणाला, "एक-दोन दिवस आधी कळतं. धरणातून सोडलं की भोंगा फिरतो."

"आणि इतकं पाणी दर वर्षी येतं?"

"नाही. काही वर्षांनी एकदा. पण येतं."

कुंदाताई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "दादा, पाणी काही वर्षांनी एकदा येतं. जिना मला रोज चढावा लागतो."



त्या पुढं म्हणाल्या, भोंगा फिरला की मी त्याच दिवशी रिक्षा बोलावीन आणि मिरजेला मामाकडं जाईन. तिकडं उंच आहे. लाकडी सामान करणार नाही, लोखंडी करीन. पुस्तकं माळ्यावर ठेवीन. आणि मग म्हणाल्या, "किती एजंटांनी किती घरं दाखवली. सगळ्यांनी घर कुठं चांगलं आहे ते सांगितलं. चांगलं तर मला दिसतंच की. कुठं वाईट आहे ते कळल्याशिवाय मी एकटी बाई राहायची तयारी कशी करणार? कुणी सांगेना, म्हणून मी कुठलंच घेतलं नाही."

मंडळी, ऐकलंत ना? दोष सांगितला, तर गिऱ्हाईक पळतं. खरं आहे. पळणारं पळतं. पण ज्याला त्या घराची खरी गरज आहे, त्याच्या हातात तुम्ही दोष देत नाही, तयारी देता.

गुरुजी आणि शांतव्वा अजून धनपालच्याच घरी राहत होती; त्यानं गुरुजींना सांगितलं. गुरुजी म्हणाले, त्या बाईंना इकडं आणा, मी स्वतः एकदा सांगतो. त्यांनी सांगितलं. शांतव्वाही बसल्या होत्या. त्यांनी कुंदाताईंना विचारलं, भीती नाही वाटत तुला? कुंदाताई म्हणाल्या, वाटते की. पण कशाची, ते ठाऊक आहे. शांतव्वांनी मग आपणहून सांगितलं, देवाचा डबा खाली ठेवू नकोस बाई. वर फळीवर ठेव. आणि काही राहिलं तर राहू दे, खाली उतरू नकोस.

व्यवहार झाला. गुरुजींना घातलेल्या पैशांपेक्षा कमीच मिळालं, हे उघड आहे. धनपालनं त्यात आपली दलाली घेतली नाही. पहिल्या वेळी घेतलेली होती, तीही त्यानं आणि सुनंदानं गुरुजींच्या हातावर ठेवली. गुरुजी घेईनात. मग शांतव्वा म्हणाल्या, घ्या. त्यांना हलकं वाटू दे. किती शहाणी बाई! माफ करणं म्हणजे नेहमी नको म्हणणं नव्हे. कधी कधी घेणं म्हणजे माफ करणं. दोघं जतला गेली. संक्रांतीला तिकडून शेंगाची चटणी येते, अजून.

आता तुम्ही वाट बघताय, की बुवा सांगणार, मग धनपालचा धंदा दसपट वाढला, बंगला झाला, मोटार झाली. नाही हो. मी देवाच्या पुढं उभा राहून तसं कसं सांगू? तो अजून मोटारसायकलवरच फिरतो. कामं येतात, थोडी. कोण येतं? म्हातारे आईबाप मागं ठेवून परगावी राहणारे. एकट्या बायका. लहान पोरं असलेली जोडपी. ज्यांना चुकून चालणार नाही, अशी माणसं विचारत विचारत त्याच्याकडं येतात. आणि सुनंदा आता त्याला फोन करते, तो 'जेवायला कधी येताय?' हे विचारायला.

कुंदाताई आहेत तिथंच. पुढं एकदा पाणी आलं. भोंगा फिरला त्याच दिवशी दुपारी धनपाल रिक्षा घेऊन फाटकाशी गेला, तर घराला कुलूप. बाई सकाळीच मिरजेला गेल्या होत्या. तो मोकळ्या रिक्षातून परत आला. घरी येऊन सुनंदाला म्हणाला, कुणी नव्हतंच तिथं. आणि हे सांगताना त्याचे डोळे भरले. मंडळी, रिकामी रिक्षा परत आली म्हणून रडणारा माणूस मी तरी दुसरा ऐकला नाही.

मग आता तो पहिला प्रश्न. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, हे पाप की व्यवहार? उत्तर मी देत नाही. तुम्हीच द्या. पण घर विकणाऱ्यांकडं बोट दाखवून देऊ नका. ते समोरचे प्लॉटवाले बिचारे कधीचे माना खाली घालून बसलेत, त्यांना सोडा. आपलं बघा. परवा तुम्ही भाच्याचं स्थळ सांगायला गेलात. मुलगा नोकरीला आहे, सांगितलंत. शिकलेला आहे, सांगितलंत. संध्याकाळी कुठं बसतो, ते सांगितलंत का? त्यांनी विचारलं नाही, होय ना? गावातली विहीर पोरांना पोहायला दाखवलीत. तळाशी कपार आहे, ते सांगितलंत? शेजारच्या नव्या सुनेला सासूचे गुण सांगितलेत. राग कशानं येतो, ते सांगितलंत का, म्हणजे ती बिचारी सांभाळून राहील?

प्रत्येकाच्या ओळखीचं असं एक माणूस आहे, जे तुमच्या गप्प बसण्यावर विश्वास ठेवून आज दार लावून निवांत बसलंय. पाणी अजून गल्लीत आलेलं नाही. वेळ आहे. आरती झाली की प्रसाद घ्या, आणि घरी जाता जाता त्याच्या दारात थांबून जे सांगायचं राहिलंय ते सांगून टाका. देवाचं नाव आज मी मोठ्यानं घ्यायला लावत नाही. ते त्या दारात उभं राहून मनात घ्या. तिथं त्याची खरी गरज लागेल.